परदेशी उच्च शिक्षण आणि शिष्यवृत्त्या : मराठीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने

प्रास्ताविक

‘परदेशी शिक्षण’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर अभियांत्रिकी, वैद्यक किंवा व्यवस्थापन या शाखांचे विद्यार्थी उभे राहतात. मराठी घेऊन बी. ए. करणारा विद्यार्थी, त्यातही मुक्त विद्यापीठातून नोकरी किंवा शेती सांभाळत शिकणारा विद्यार्थी, या चित्रात सहसा नसतो. वणीसारख्या गावातून पदवी घेणाऱ्या तरुणाला किंवा तरुणीला ‘हे आपल्यासाठी नाही’ असे कुणी सांगावेही लागत नाही; ते गृहीतच धरलेले असते. हे गृहीतक कितपत खरे आहे, कोणते दरवाजे खरोखर बंद आहेत, कोणते उघडे आहेत आणि कोणते नुसतेच लोटलेले आहेत, हे या लेखात पाहू. शिष्यवृत्त्यांच्या अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात. म्हणून येथे दिलेली माहिती दिशा समजण्यासाठी वापरावी आणि अर्ज करताना त्या वर्षाची जाहिरात व शासननिर्णय मुळातून वाचावा.

नाशिक जिल्ह्याची पूर्वपीठिका

या विषयाचा इतिहास आपल्या जिल्ह्याच्या मातीतूनच सुरू करता येतो. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात गोपाळराव गायकवाड जन्मले. १८७५ साली बडोद्याच्या राजघराण्याने त्यांना दत्तक घेतले आणि ते महाराजा सयाजीराव झाले. याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबियाची एम. ए. पदवी मिळवली, पुढे लंडनला अर्थशास्त्र व कायद्याचा अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० साली पुन्हा गेले, तेव्हा त्यांच्याजवळ मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज होते. १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. मिळाली.

ही कथा आपण अनेकदा प्रेरणा म्हणून ऐकतो. येथे तिच्याकडे हिशोबाच्या अंगाने पाहावे असे सुचवावेसे वाटते. एकाच शिष्यवृत्तीवर सगळे शिक्षण झाले नाही. शिष्यवृत्ती, पगारातील बचत, आश्रयदात्याची मदत आणि उसनवारी अशा चार झऱ्यांचे पाणी एकत्र आले. मुदत संपली म्हणून अभ्यास थांबला, हा प्रसंग तर आजही अनेकांच्या वाट्याला येतो.

दुसरे उदाहरणही याच जिल्ह्यातील. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ साली लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या योजनेतील ‘शिवाजी शिष्यवृत्ती’वर. त्यांच्यासाठी लोकमान्य टिळकांनी शिफारस केली होती. त्या शिष्यवृत्तीची अट बडोद्याच्या अगदी उलट होती : घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी करू नये. दोन्ही अटी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. शिष्यवृत्ती हा दात्याच्या हेतूचा दस्तऐवज असतो. बडोद्याला शिकलेला अधिकारी हवा होता, श्यामजींना सरकारच्या चाकरीत न अडकलेला तरुण हवा होता. आजच्या जाहिरातीतही दात्याचा हेतू असतोच, फक्त तो कार्यालयीन भाषेत लिहिलेला असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एका बाजूने हा इतिहास वाचावा. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी निवर्तल्या. त्यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले, श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ने त्यांना घरोघरी नेले. रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. अगदी अलीकडे, ‘आमचा बाप आन् आम्ही’ या आत्मकथनात डॉ. नरेंद्र जाधव यांनी ज्या बापाची कहाणी सांगितली तो मूळचा ओझरचा, म्हणजे वणीहून फार लांबचा नव्हे. आणि लेखकाने अर्थशास्त्रातील डॉक्टरेट अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून घेतली. परदेशी शिक्षणाचा अनुभव ही मराठी गद्याची एक जुनी वाट आहे, हे आपल्या अभ्यासक्रमातील कृती वाचतानाही आठवावे.

मराठीचा पदवीधर तेथे काय शिकणार?

हा प्रश्न घरचे विचारतात आणि तो रास्त आहे. पहिले उत्तर असे की, पदवी मराठीची असली तरी पुढचा विषय मराठीच असला पाहिजे असे नाही. भाषाविज्ञान, भाषांतरविद्या, मानवशास्त्र, लोकसाहित्य, धर्मांचा अभ्यास, शिक्षणशास्त्र, विकासाचा अभ्यास, संग्रहालयशास्त्र, पत्रकारिता या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मानव्यविद्येचे पदवीधर घेतले जातात.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. महाराष्ट्राचा अभ्यास परदेशी विद्यापीठांत दीर्घकाळ झालेला आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या मौखिक परंपरेवर आयुष्यभर काम केले. लंडनच्या सोआस या संस्थेत इयन रेसाइड मराठी शिकवत. अमेरिकेत एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा, तर ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव साहित्याचा आणि महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्रांचा अभ्यास केला. ही सारी मंडळी मराठी शिकण्यासाठी आपल्याकडे आली. ज्याला मराठी आईकडूनच मिळाली आहे, ज्याने सप्तशृंगगडाची चैत्रातली यात्रा पाहिली आहे आणि दिंडोरी-सुरगाण्याच्या सीमेवर बोली कशी बदलत जाते हे कानांनी ऐकले आहे, त्याच्याजवळ या क्षेत्रातले निम्मे भांडवल आधीच असते. उरलेले निम्मे, म्हणजे संशोधनाची शिस्त आणि इंग्रजी किंवा जर्मनमधून मांडणी करण्याची सवय, हे मात्र कष्टाने मिळवावे लागते आणि ते कमी लेखू नये.

शासनाच्या योजना

महाराष्ट्र शासनाच्या योजना समाजघटकांनुसार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे; तिच्यातून दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात आणि अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेमार्फत चालणाऱ्या योजनेला महाराजा सयाजीराव गायकवाड यांचेच नाव दिलेले आहे; तिच्याही जागा ७५ आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या मर्यादित उत्पन्नाचे विद्यार्थी यांच्यासाठीही स्वतंत्र योजना आहेत. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांची योजना आदिवासी विकास विभाग राबवतो आणि त्या विभागाचे आयुक्तालय नाशिकलाच आहे. वणी, पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना हे कार्यालय एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तरी तेथे या योजनेची चौकशी करायला आपल्याकडचे फार थोडे जातात, असे वाटते.

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी असून उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहेत. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाच्या २० जागा वेगळ्या आहेत. भूमिहीन शेतमजुरांच्या कुटुंबातील विद्यार्थ्याला जातीच्या पलीकडे, व्यवसायाच्या आधारावर अर्ज करता येतो, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

या योजनांत दोन अडचणी अशा आहेत की ज्या कला शाखेलाच अधिक बोचतात. पहिली, क्रमवारीची. राज्याच्या योजनांसाठी विद्यापीठ जागतिक क्यूएस क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या आत असावे लागते. ही मर्यादा पूर्वी तीनशे होती, ती दोनशेवर आणली गेली. येथे विद्यापीठाचे एकूण स्थान पाहिले जाते, विषयवार नव्हे. त्यामुळे दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी नावाजलेली सोआस ही संस्था गेल्या काही वर्षांत एकूण क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असल्याने या योजनांत बसत नाही. हायडेलबर्ग किंवा शिकागो मात्र बसतात. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. २०२२ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आपल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. या विषयांसाठी परदेशात जाण्याची गरज नाही, असा त्यामागचा विचार. या निर्णयावर त्या वेळी बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सोन्थायमरांना खंडोबा जर्मनीतून अभ्यासता येतो आणि भटक्या जमातीतील विद्यार्थ्याला मात्र तेथील ग्रंथालय, तेथील पद्धतिशास्त्र वापरून येत नाही, हे विचित्र आहे. परंतु मत काहीही असले तरी अर्जदाराने नियम वाचूनच विषय निवडावा. विषयाची अट आडवी येत असेल तर राज्याच्या योजना किंवा पुढे सांगितलेल्या परदेशी शिष्यवृत्त्या यांकडे वळणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

परदेशी शिष्यवृत्त्या

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन पाहावी. ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असून शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि प्रवासखर्च देते. तिला वयाची कमाल मर्यादा नाही. कामाचा अनुभव मात्र हवा : २,८०० तास, म्हणजे आठवड्याला ३५ तास आणि वर्षाला ४० आठवडे धरले तर दोन वर्षे. पूर्णवेळ, अर्धवेळ, स्वयंसेवी अशा सर्व प्रकारचे काम त्यात धरले जाते. नियमित महाविद्यालयातून एकविसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याजवळ हा अनुभव नसतो. आश्रमशाळेत शिकवत, पतसंस्थेत काम करत किंवा गावच्या वाचनालयाची जबाबदारी सांभाळत बी. ए. करणाऱ्याजवळ तो असतो. येथे मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी मागे नसून पुढे आहे. अट अशी की, शिक्षण संपल्यावर मायदेशी परतून किमान दोन वर्षे राहावे लागते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपरी खंदारे येथील राजू केंद्रे यांनी आपली पदवी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घेतली, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षण घेतले, ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी एकलव्य ही संस्था उभी केली आणि २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये प्रवेश मिळवला. राज्याच्या योजनेत न बसणारी संस्था चेव्हनिंगमध्ये बसते, हेही या उदाहरणातून दिसते.

युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. निवड झाल्यास शुल्क लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो निर्वाहवेतन मिळते. प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचा अर्ज एकच असतो, ही त्याची मोठी सोय. जर्मनीत बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. परंतु हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शुल्क नसले तरी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम एका बंदिस्त खात्यात आधी दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची एपीएस ही पडताळणी करून घ्यावी लागते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य ऐकले की या तीन गोष्टी आठवाव्यात.

अमेरिकेत शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या साहाय्यकपदातून शुल्कमाफी मिळण्याची पद्धत आहे, पण ती मुख्यतः पीएच. डी.साठी. तेथील अनेक विद्यापीठे पदवीची चार वर्षे मागतात. तीन वर्षांचे पदवीधर एम. ए. करून अर्ज करतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाचा पर्याय घेणाऱ्यांना हा अडसर कमी होईल. ब्रिटन व युरोप तीन वर्षांची पदवी सामान्यतः स्वीकारतात.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, हा प्रश्न हमखास येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली दूरस्थ पदवी भारतात नियमित पदवीच्या समकक्ष मानली जाते. परदेशात निर्णय त्या त्या विद्यापीठाचा असतो. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रवेश विभागाला साधे ईपत्र पाठवून लेखी उत्तर घ्यावे. हे उत्तर पुढे शिष्यवृत्तीच्या वेळीही कामी येते.

पैसा, जमीन आणि बँक

शिष्यवृत्ती पूर्ण खर्चाची नसेल तर कर्जाचा प्रश्न येतो आणि वणीच्या परिसरात तो एका विशिष्ट वळणावर अडतो. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाची हमी पुरते, त्यापुढे स्थावर तारण मागितले जाते. परदेशी शिक्षणाचा खर्च या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. कुटुंबाजवळ चार एकर द्राक्षबाग असते, तिची बाजारातील किंमत मोठी असते. पण बँक ती शैक्षणिक कर्जासाठी घ्यायला नाखूष असते. कारण असे की, कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. हे संरक्षण शेतकऱ्यासाठीच आहे आणि ते असायलाही हवे. मात्र मुलीच्या शिक्षणाच्या वेळी त्याच संरक्षणामुळे जमीन कागदावर निरुपयोगी ठरते. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नसेल तर तेही तारण म्हणून कठीण जाते. अशा वेळी बिगरशेती भूखंड, मुदतठेव, विमापत्र किंवा शहरातील नातेवाइकाची मालमत्ता शोधावी लागते. म्हणूनच शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याने आधी पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज करावेत, कर्ज हा शेवटचा टप्पा ठेवावा. इतर मागासवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, तिची चौकशी कर्ज घेण्यापूर्वीच करावी. १८९२ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेला जे. एन. टाटा निधी आजही परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो.

शहरातील सल्लागार केंद्रांविषयी एक सूचना. ‘आमची सेवा मोफत’ असे जेथे सांगितले जाते तेथे बहुधा विद्यार्थी पाठवण्याबद्दल परदेशी महाविद्यालयाकडून मोबदला मिळत असतो. असा मोबदला देणारी महाविद्यालये दोनशेच्या क्रमवारीत सहसा नसतात. प्रवेश पटकन मिळतो आणि शासनाची शिष्यवृत्ती मात्र त्याच क्षणी हातची जाते.

कागदपत्रे आणि कालक्रम

अर्ज फेटाळला जाण्याचे कारण अनेकदा गुणवत्तेपेक्षा कागद असतो. दहावीच्या गुणपत्रकावर एक नाव, आधारवर दुसरे, लग्नानंतर तिसरे आणि पारपत्रावर आडनाव आधी की नाव आधी याचा गोंधळ, हे आपल्याकडे नित्याचे. ही दुरुस्ती पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करून घ्यावी. जात वैधता प्रमाणपत्राला लागणारा वेळ सर्वांना ठाऊक आहे. उत्पन्नाचा दाखला दिंडोरीच्या तहसील कार्यालयातून मिळतो, पण तो जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचाच लागतो. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो, म्हणून ती फार आधी देऊ नये.

क्रम असा : चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टपासून शरद ऋतूपर्यंत, इरास्मसचे बहुतेक अर्ज हिवाळ्यात, विद्यापीठांचे प्रवेश डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान आणि राज्याच्या योजनांच्या जाहिराती उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या आरंभी. राज्याच्या योजनांना विनाअट प्रवेशपत्र हातात असावे लागते. म्हणजे शिष्यवृत्ती मिळेल की नाही हे कळण्याच्या कितीतरी आधी प्रवेश घ्यावा लागतो, आणि काही विद्यापीठे जागा राखण्यासाठी अनामत रक्कमही मागतात. ही रक्कम कुठून आणायची याची तजवीज मार्चपूर्वीच असावी.

हेतुपत्र

अर्जातील सर्वांत अवघड आणि मराठीच्या विद्यार्थ्याला सर्वांत साजेसा भाग म्हणजे हेतुपत्र. आपल्याकडे ते आत्मकथनाच्या वळणाने लिहिले जाते : गरिबी, पायपीट, आईचे कष्ट. हे सारे खरे असते आणि त्याला एका परिच्छेदात जागाही असावी. परंतु निवड समिती विचारते ते हे : या माणसाला कोणता प्रश्न पडला आहे आणि तो सोडवायला हेच विद्यापीठ का? ‘मला लहानपणापासून साहित्याची आवड आहे’ हे वाक्य कुणीही लिहू शकतो. ‘चैत्र यात्रेसाठी खानदेशातून सप्तशृंगगडावर पायी येणाऱ्या स्त्रियांच्या गाण्यांत देवीला लेक, आई आणि सासुरवाशीण अशा कोणकोणत्या नात्यांनी हाक मारली जाते, हे मला नोंदवायचे आहे’ हे वाक्य वणीच्या परिसरातला विद्यार्थीच लिहू शकतो. त्याच्या पाठोपाठ आपण आतापर्यंत काय नोंदवले, काय वाचले आणि त्या विद्यापीठातील कोणत्या अध्यापकाचे काम याच्याशी जुळते, हे यावे.

शिफारसपत्रांसाठी आपल्याला ओळखणारे अध्यापक लागतात आणि दूरस्थ विद्यार्थ्याची येथे अडचण होते. अभ्यासकेंद्रातील समंत्रकांना पहिल्या वर्षापासून आपले लेखन दाखवत राहावे. कामाच्या ठिकाणचे वरिष्ठ हे दुसरे शिफारसदार होऊ शकतात.

कृती : आपल्या गावातील बोली, यात्रा, व्यवसाय किंवा ग्रंथालय यांपैकी एका विषयावर आपल्याला पडलेला एक प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यावर पाचशे शब्दांचे हेतुपत्र प्रथम मराठीत तयार करा, समंत्रकांना वाचायला द्या आणि त्यांच्या सूचनांनंतर त्याचे इंग्रजी रूप करा. भाषांतर करताना जे वाक्य इंग्रजीत पोकळ वाटेल ते मराठी मसुद्यातूनही काढून टाका.